जनरल रजिस्टर आणि संगणक कक्ष

संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत संस्थापकांच्या त्यागाविषयी, पत्र्याच्या पहिल्या वसतिगृहाविषयी आणि येथून शिकून गेलेल्या गुणवंतांविषयी अनेक जण लिहितील, आणि ते उचितच आहे. संपादक मंडळाने आमच्याकडे ‘शाळेतील माहिती तंत्रज्ञान’ हा विषय सोपविला. आम्ही तिघे, म्हणजे शाळेचे ग्रंथपाल, कार्यालयातील लिपिक आणि संगणक कक्ष सांभाळणारे गणित शिक्षक. कक्षात किती संगणक आहेत, ते कोणी दिले आणि त्यांवर काय शिकविले जाते एवढे सांगून हा विषय संपविता आला असता. परंतु गेल्या काही वर्षांत या कक्षात जे सर्वांत मोलाचे काम झाले, ते एका जुन्या, कापडी पाठीच्या वहीविषयीचे आहे. म्हणून त्या वहीपासूनच आरंभ करतो.

या वहीस जनरल रजिस्टर म्हणतात. शाळेत प्रवेश घेतलेल्या प्रत्येक मुलाची एक ओळ तीत असते: अनुक्रमांक, संपूर्ण नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, अंकी व अक्षरी जन्मतारीख, पूर्वीची शाळा, प्रवेशाचा दिनांक, शाळा सोडल्याचा दिनांक आणि शेरा. शाळा सोडल्याचा दाखला ही या ओळीचीच प्रत होय. शाळेतील बहुतेक कागद ठरावीक वर्षांनी नष्ट करता येतात. जनरल रजिस्टर मात्र कायम जपावे लागते. मूळ नोंदीत कोणासही परस्पर खाडाखोड करता येत नाही. दुरुस्ती हवी असल्यास सक्षम अधिकाऱ्याची मान्यता घ्यावी लागते.

या वहीचे मोल आपल्या समाजास वेगळे सांगावयास नको. महाराष्ट्रात जातीचे प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी २००० सालच्या अधिनियमानुसार होते, आणि अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० हा दिनांक पायाभूत मानला जातो. आमची शाळा त्यानंतर पुष्कळ वर्षांनी स्थापन झाली. त्यामुळे १९५० पूर्वीचे काही आमच्या रजिस्टरात असणे शक्य नाही. तथापि आजोबांपासून नातवापर्यंतची साखळी जुळविताना वडिलांचा किंवा आत्याचा मधला दुवा पुष्कळदा याच वहीत सापडतो.

त्यात आपल्या इतिहासाची एक गुंतागुंतही आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा झाली. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या आदेशात बौद्धांचा समावेश होण्यास मात्र १९९० साल उजाडावे लागले. महाराष्ट्र राज्याने नवबौद्धांना सवलती त्याच्या कितीतरी आधी लागू केल्या होत्या. या मधल्या काळात मुलास शाळेत घालताना पालकांनी काय सांगितले आणि गुरुजींनी काय लिहिले, हे प्रत्येक वेळी एकसारखे असणे शक्य नव्हते. एकाच घरातील दोन भावांपैकी थोरल्यापुढे ‘हिंदू महार’ आणि धाकट्यापुढे ‘बौद्ध’ किंवा ‘नवबौद्ध’ अशी नोंद आमच्या रजिस्टरात ठिकठिकाणी आढळते. त्या प्रत्येक शब्दामागे त्या घराने त्या दिवशी केलेला काही विचार आहे. कोणास अभिमान होता, कोणास भीती होती, कोणास सवलत जाईल अशी शंका होती.

असा हा दस्तऐवज लोखंडी कपाटात सात खंडांत ठेवलेला आहे. पहिल्या दोन खंडांची पाने पिवळी पडून कडेने तुटू लागली आहेत; तिसऱ्यास एका पावसाळ्यात ओल लागली आणि शाई पसरली. दाखल्याची दुसरी प्रत मागणारे माजी विद्यार्थी कल्याणहून, पुण्याहून, सुरतेहून येतात. ज्यांना आपले रजिस्टर क्रमांक ठाऊक असतात असे थोडे. ‘आम्ही पाचवीत आलो तेव्हा विहिरीचे काम चालले होते,’ एवढ्या खुणेवर शोध सुरू होतो. मग पाने उलटण्यात अर्धा दिवस जातो, आणि प्रत्येक उलटण्यागणिक कागद थोडा अधिक झिजतो. रजिस्टर संगणकावर आणण्याची निकड येथून निर्माण झाली.

असा प्रयत्न पूर्वीही झाला होता. अनेक वर्षांपूर्वी एका व्यावसायिकाकडून शाळेच्या कारभारासाठी एक प्रणाली घेण्यात आली आणि काही वर्गांच्या नोंदी तीत भरल्या गेल्या. पुढे त्या व्यावसायिकाने तो उद्योग बंद केला. माहिती ज्या स्वरूपात साठविली होती, ते स्वरूप त्या प्रणालीवाचून दुसऱ्या कशानेही उघडत नव्हते; आणि ती प्रणाली ज्या संगणकावर चाले, तो संगणक बंद पडल्यावर सारेच मुके झाले. त्याच काळात कार्यालयातील पत्रे, निकालपत्रके आणि माजी विद्यार्थ्यांच्या याद्या तत्कालीन मराठी फॉन्टमध्ये टंकलिखित होत. त्या पद्धतीत संगणक आतून रोमन अक्षरेच साठवीत असे. फॉन्ट त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढवी. फॉन्ट असेल तोवर ‘रमाबाई’ दिसे. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तेथे रोमन चिन्हांचा अर्थहीन गोंधळ उमटे. छोट्या संस्थांतील पुष्कळ कागद अशा रीतीने डोळ्यांदेखत निरक्षर झाले आहेत. कागदाची वही पन्नास वर्षांनी वाचता येते आणि पंधरा वर्षांपूर्वीची फाइल वाचता येत नाही, हे पाहिल्यावर नव्या कामाचा पहिला नियम आपोआप ठरला: माहिती अशा स्वरूपात ठेवावयाची की, ती उद्या कोणत्याही यंत्रावर, कोणाचीही परवानगी न घेता उघडता यावी.

त्यामुळे आम्ही महागडी प्रणाली घेतली नाही. साधी स्प्रेडशीट, तिची सर्वत्र वाचता येईल अशी मजकूर स्वरूपातील प्रत, आणि प्रत्येक पानाचे स्पष्ट छायाचित्र, एवढीच सामग्री पुरेशी ठरली. जीर्ण पाने स्कॅनरवर दाबणे धोक्याचे असल्याने खिडकीच्या उजेडात स्टँडवर कॅमेरा लावून छायाचित्रे घेतली. लेखनासाठी युनिकोड वापरला. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीस स्वतःची स्थाने मिळाली होती. तेथे ‘क’ हा आतूनही ‘क’च असतो, फॉन्ट कोणताही असो.

तरीही सर्व अडचणी संपल्या असे नाही. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. हा भेद दाखविणारा ‘ऱ’ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर आहे. परंतु तेच रूप दुसऱ्या एका मार्गानेही पडद्यावर आणता येते. साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर डोळ्यांस न दिसणारे एक जोडचिन्ह दिले, तरी ते हुबेहूब तसेच दिसते. मनुष्यास दोन्ही ‘बिऱ्हाडे’ एकच. संगणकास मात्र ते दोन भिन्न शब्द. एका पद्धतीने टंकलेले आडनाव दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास ‘नोंद नाही’ असे उत्तर येते. नोंद नाही या दोन शब्दांचा अर्थ पडताळणीच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसास काय वाटेल, हे आम्ही जाणतो. म्हणून लेखन एकाच कळफलकावर, इन्स्क्रिप्टवर, करावयाचे आणि ‘ऱ’ नेहमी एकाच रीतीने लिहावयाचा, असे ठरवून घेतले. या कळफलकावर स्वर डाव्या हाताशी व व्यंजने उजव्या हाताशी असतात. ज्या कळीवर ‘क’, तीच शिफ्टसह दाबली की ‘ख’. ‘र’च्या कळीवर शिफ्ट दिल्यास ‘ऱ’. ज्यास वर्णमाला येते, त्यास हा कळफलक आठवडाभरात हाती बसतो.

दुसरा प्रश्न शुद्धलेखनाचा आला. जुन्या नोंदींत ‘काबंळे’ आहे, ‘सिदार्थ’ आहे, एकाच गावाचे नाव तीन प्रकारे लिहिलेले आहे. गणित आणि ग्रंथालय या दोन्ही शास्त्रांची सवय नीटनेटकेपणाची. चूक दिसली की हात शिवशिवतो. परंतु येथे नीटनेटकेपणा घातक ठरला असता. उतारा मूळ नोंदीशी अक्षरशः जुळला पाहिजे. म्हणून आम्ही प्रत्येक नावासाठी दोन रकाने केले. पहिल्यात वहीत जसे आहे तसे, चुकीसह. दुसऱ्यात केवळ शोधासाठी प्रचलित रूप. दाखला नेहमी पहिल्या रकान्यावरून, तोही मूळ पान उघडून, ताडून मगच द्यावयाचा. संगणकाने पान दाखवावे. साक्ष वहीने द्यावी.

या पद्धतीची कसोटी लवकरच लागली. येथे सातवीपर्यंत शिकलेली एक भगिनी आपल्या मुलीच्या पडताळणीसाठी आली. मुलीस व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळत होता आणि प्रमाणपत्र सादर करण्याची मुदत आठवड्यावर आली होती. तिने सांगितलेल्या नावाने पहिल्या रकान्यात काहीच मिळाले नाही, कारण प्रवेशाच्या वेळी तिचे आडनाव गावाच्या नावावरून लिहिले गेले होते आणि त्यातही एक अनुस्वार भलत्या अक्षरावर पडला होता. दुसऱ्या रकान्यातील वडिलांचे नाव आणि जन्मगाव यांवरून ओळ सापडली. त्या ओळीत तिच्या वडिलांनी अंगठा न देता केलेली, थरथरत्या हाताची सही होती. ती पाहून ती भगिनी बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने एवढेच विचारले, ‘‘सर, हे अक्षर आहे तसंच राहील ना?’’ आम्ही होय म्हणालो. त्या दिवसापासून ‘आहे तसेच’ हा आमच्यापुरता केवळ कार्यालयीन नियम राहिलेला नाही.

हे काम सुरू असल्याचे कळल्यावर काही उत्साही माजी विद्यार्थ्यांनी सुचविले की, सर्व याद्या महाजालावर टाकाव्यात किंवा निदान बॅचनिहाय व्हॉट्सॲपवर पाठवाव्यात, म्हणजे जुने मित्र एकमेकांस सापडतील. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. परंतु त्यास नकार दिला, आणि त्याचे कारण येथे नमूद करणे आवश्यक वाटते. या रजिस्टरात नावाशेजारी जात आहे, जन्मतारीख आहे, पत्ता आहे. आपल्यापैकी कित्येकांनी शहरात घर भाड्याने घेताना, नोकरीच्या ठिकाणी नवा परिचय होताना, आडनावानंतरचा तो क्षणभराचा अबोला अनुभवला आहे. आपली ओळख केव्हा, कोठे आणि कोणास सांगावयाची हे ठरविण्याचा अधिकार त्या त्या व्यक्तीचा आहे, शाळेचा नव्हे. २०२३ साली संमत झालेला व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदाही व्यक्तीच्या संमतीस महत्त्व देतो आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती आवश्यक मानतो. कायदा नसता तरी आमचा निर्णय बदलला नसता. रजिस्टराचा संगणक महाजालास जोडलेला नाही. नोंदी लिपिक व शिक्षक यांनीच भरल्या. विद्यार्थ्यांस हे काम दिले नाही, कारण आपल्या सहाध्याय्याच्या आईवडिलांची नोंद मुलांनी वाचणे योग्य नव्हे.

मुलांसाठी दुसरे, तितकेच उपयुक्त काम होते. ग्रंथालयातील पुस्तकांची यादी त्यांनी टंकलिखित केली. त्यासाठी ‘कोहा’ ही मुक्त प्रणाली घेतली. तिची जन्मकथा आम्ही प्रत्येक नव्या तुकडीस सांगतो. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातील ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली २००० साल उजाडताना निकामी होण्याची शक्यता होती. तेव्हा त्यांनी स्वतःपुरती नवी करवून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती वापरात आणली आणि पुढे ती जगास विनामूल्य खुली केली. कोहा हा माओरी भाषेतील शब्द. त्याचा अर्थ परस्परभावाने दिलेली भेट. दान या शब्दाचा संस्कार लहानपणापासून घेतलेल्या आपल्या मुलांस तो समजावून सांगण्यास वेळ लागत नाही. एका लहान ग्रंथालयाने आपली गरज भागवून उरलेले जगास दिले, आणि आज जगभरातील अनेक ग्रंथालये त्यावर चालतात, ही गोष्ट आमच्यासारख्या लहान संस्थेस धीर देणारी आहे.

साधनांविषयी थोडे. आमच्या कक्षातील निम्मे संगणक देणगीतून आलेले, जुने आहेत. विंडोज १० या प्रणालीस मिळणारे नेहमीचे साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि त्यापुढची आवृत्ती जुन्या यंत्रांवर चालत नाही. मोठी महाविद्यालये अशा वेळी नवी यंत्रे घेतात. आम्ही जुन्या यंत्रांवर लिनक्स बसविले. टंकलेखन, गणित आणि वाचन यांसाठी ती अजून काही वर्षे सहज पुरतील. पावसाळ्यात महाजालाची जोडणी दिवसेंदिवस नसते, म्हणून विकिपीडियाची ऑफलाइन प्रत ‘किविक्स’द्वारे एका यंत्रावर ठेवली आहे, शाळेच्या अंतर्गत जाळ्यातून मुले ती वसतिगृहाच्या अभ्यासिकेत वाचतात. मोबाइल बाळगण्यास बंदी असलेल्या निवासी शाळेत ही सोय विशेष उपयोगी पडते.

पालकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. आज यू-डायस प्लस, सरल, शालार्थ, महाडीबीटी अशा शासकीय संकेतस्थळांवर शाळांस व विद्यार्थ्यांस माहिती भरावी लागते. मोठ्या संस्थेत त्यासाठी स्वतंत्र कर्मचारी असतो. लहान संस्थेत तोच लिपिक सकाळी भोजनगृहाचा हिशेब लिहितो आणि रात्री, संकेतस्थळावरची गर्दी ओसरल्यावर, नावे भरतो. आधार कार्डावरील इंग्रजी नाव आणि रजिस्टरावरील नाव यांत एका अक्षराचा फरक असला, तरी शिष्यवृत्ती अडते. प्रवेशाच्या दिवशी पालकांनी कागदपत्रांवरील नाव शांतपणे तपासून घेतले, तर पुढची कित्येक वर्षांची धावपळ वाचेल. रजिस्टरात पहिल्या दिवशी जे लिहिले जाते, ते मुलासोबत आयुष्यभर चालते.

लहान संस्थांनी तंत्रज्ञानाच्या बाबतीत मोठ्यांचे अनुकरण करावे, असे आम्हांस वाटत नाही. काय हरवले तर भरून निघणार नाही, हा प्रश्न प्रथम विचारावा. उत्तर प्रत्येक संस्थेचे वेगळे येईल. आमचे उत्तर ते सात खंड होते. त्यांच्या तीन प्रती आता तीन ठिकाणी आहेत: एक शाळेत, एक शहरातील संस्थेच्या कार्यालयात, एक बँकेच्या लॉकरमध्ये. दर वर्षी जून महिन्यात, शाळा उघडण्यापूर्वी, तिन्ही प्रती उघडून प्रत्येक खंडातील काही नोंदी मूळ वहीशी ताडून पाहतो. कारण न उघडलेली प्रत ही प्रत आहे की नाही, हे सांगता येत नाही. ते काम दोन दिवसांचे आहे आणि खर्च जवळपास शून्य.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. ज्यांच्या पूर्वजांस लिहिण्यावाचण्याचीच मनाई होती, त्यांची नावे हजेरीपटावर आणि रजिस्टरावर येऊ लागली, हे त्या चळवळीचे रोकडे फळ होय. आमच्या वहीतील प्रत्येक ओळ त्याच प्रवाहातील आहे. ती वाचविणे हे आम्ही नव्या तंत्राचे पहिले कर्तव्य मानतो.

अद्याप पुष्कळ काम शिल्लक आहे. तिसऱ्या खंडातील ओल लागलेली सुमारे चाळीस पाने आम्हांस पूर्णपणे वाचता आलेली नाहीत. ज्या माजी विद्यार्थ्यांजवळ त्या काळातील शाळा सोडल्याचा मूळ दाखला असेल, त्यांनी तो कार्यालयात दाखवावा. त्यावरील रजिस्टर क्रमांकाने पुसट ओळींचा क्रम लावण्यास मदत होईल. दाखला त्याच वेळी परत दिला जाईल. जे आज माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात आहेत, त्यांच्याकडून आम्हांस नवी यंत्रे नकोत. वर्षातून दोन दिवस हवेत, जून महिन्यातील ते दोन दिवस. मुक्कामाची व्यवस्था वसतिगृहात आहे, आणि भोजन मुलांबरोबर पंगतीत.